येनाचा डोंगा

"आबाजी, डोंगा निघाला. तुमी या."

फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता. मी तेव्हा सिंदेवाहीच्या बाजारात एका झिंगेवाल्याशी भावावरून भांडत होतो. ऐंशीच्या घरात आलो तरी ही खोड गेलेली नाही.

"कोणता डोंगा?" मी ओरडलो.

"येनाचा. मी मंगरू भूमकाचा नातू बोलून राह्यलो, देवराव."

मी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाजला, तेव्हा सांगून टाकलं, "निघाला त निघाला. तुमच्या देवाचा हाये ना तो? तुमीच पाहा." तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरात कुणाला न सांगता एसटीत जाऊन बसलो.

गावच्या तलावाची पाळ, तो मातीचा बांध, मधोमध उकरून ठेवली होती. खोदायचं पिवळं यंत्र सोंड खाली टाकून उन्हात उभं होतं. त्याच्यापुढे गोंडांच्या टोल्यातली दहा-बारा माणसं बसलेली. आणि त्या कापलेल्या मातीत, थरांच्या खाली, एक काळी कड दिसत होती. मी काठी बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसलो आणि नाक त्या कडेजवळ नेलं. वास तोच होता. येनाच्या ओल्या लाकडाचा, हिरड्यासारखा तुरट, जिभेच्या मागच्या बाजूला लागणारा. त्या वासाबरोबर मी बावीस वर्षांचा झालो, आणि साठ वर्षं पोटात धरलेला रागही तितकाच ताजा झाला. येनाच्या खोडातून कोरलेली ती होडी, तो डोंगा माझा होता. मी तासला होता. मी दिला होता. आणि या गावात कुणी ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

आमचा तलाव दोन वस्त्यांचा. मावळतीच्या अंगाला आमची ढिवरटोली, तीस-पस्तीस घरं, प्रत्येक अंगणात वाळत टाकलेलं जाळं आणि मासोळीचा उग्र वास. पाळीच्या खाली, धानाच्या बांध्यांना लागून, गोंडांचा टोला. तिथली अंगणं शेणामातीने इतकी गुळगुळीत सारवलेली असत, की मोहफुलं वाळत घातली तर एकालाही खडा लागत नसे. चैत्रात त्या फुलांचा गोड, डोकं जड करणारा वास पाण्यावरून आमच्याकडे यायचा आणि आमच्या सुकटीचा वास त्यांच्याकडे जायचा. माझी माय म्हणायची, "वासाले कोन अडवते? तो दोनी घरी जेवते."

पाळीच्या मध्यावर, तुडुमाजवळ, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या भोकाजवळ, एक येनाचं झाड होतं. तिघांच्या कवेत न मावणारं. साल सुसरीच्या पाठीसारखी, खवल्याखवल्यांची. गोंडांचा देव, त्यांचा पेन, त्यात राहत होता. बुंध्याशी शेंदूर नसायचा, घंटा नसायची. वर्षातून दोनदा तांदळाचे चार दाणे आणि मोहाचा शिडकावा, एवढंच. पण त्या झाडाला आम्हीही पाठ दाखवत नव्हतो. आम्ही ढिवर कोसा करणारे. रेशमाच्या अळ्या येनाच्या पाल्यावर वाढतात. अळ्या असायच्या तो महिना-सव्वामहिना घरात मासोळी शिजत नसे, माय डोक्याला तेल लावत नसे आणि आम्ही येनाखालून अनवाणी चालायचो. ऐकलंत तर अळ्या पाला खाताना आवाज येतो, बारीक पावसासारखा.

दोन वस्त्यांत एक जुना नियम होता. पाळीवर उभं ते टोल्याचं, पाण्यात पडलं ते ढिवराचं. एकदा टोल्याचा एक बोकड पाळीवरून घसरून तलावात पडला. आमच्या शिरपतने, माझ्या चुलतभावाने, त्याला डोंग्यात ओढून घेतलं आणि नियम सांगितला. बोकडाचा मालक काठावर उभा राहून शिव्या देत होता, शिरपत मध्ये पाण्यात बसून बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत होता. "पोहून ये अना घिऊन जा!" दोन्ही काठांवर माणसं पोट धरून हसत होती. संध्याकाळी तो बोकड दोन्ही वस्त्यांनी मिळून खाल्ला. मालकाला मुंडी मिळाली.

नियमाचा दुसरा भाग कामाचा होता. दर ज्येष्ठात पाळ दुरुस्त व्हायची. आम्ही डोंग्यांतून तलावाच्या तळाची चिकणमाती आणायची, टोल्याच्या लोकांनी ती पाळीवर चोपायची. शेवटच्या दिवशी त्यांच्या बाया आंबील आणायच्या, आमच्या बाया भाजलेल्या मासोळ्या. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. वाद झाला तर मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, निकाल द्यायचा, आणि त्याच्या निकालाला दोन्ही वस्त्या मिळून शिव्या द्यायच्या, त्यातही एक एकी होती. मी सांगतो आहे त्या वर्षी मालगुजारी जाऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. आता तलाव कुणाचा, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

माझा बाप मी लहान असतानाच गेला. ज्याला डोंगा नाही तो ढिवर दुसऱ्याच्या डोंग्यात बसतो, जाळं आपलं टाकतो आणि निम्मी मासोळी डोंगेवाल्याला देतो. मी दहा वर्षं तशी दिली. रोज टोपली निम्मी होताना पाहायची, आणि वर डोंगेवाल्याने म्हणायचं, "आज माह्या डोंग्याच्या पायगुणानं लागली मासोळी." त्या शब्दांनी माझं डोकं जितकं तापायचं तितकं उन्हानेही तापत नसे.

मग एका वैशाखात, भर दुपारी वावटळ उठली. आभाळ तांबडं झालं. पाळीवरून असा आवाज आला, की पाणी फुटलं असं वाटून सगळे धावले. येन पडला होता. मुळं पाळीवर, आभाळाकडे वळलेली, मातीचे लोंबते गोळे धरून. आणि शेंडा तलावात. पाण्यावर त्याची पानं हलत होती.

मंगरू भूमक, टोल्याचा पुजारी, तेव्हा राजुऱ्याकडे भाचीच्या लग्नाला गेला होता. टोल्याची माणसं आली, लांबून हात जोडले आणि आम्हाला म्हणाली, "भूमक येऊ द्या. आठ दिवसात येते. तो पेनाले उठवन, दुसऱ्या झाडात बसवन. मंग लाकूड कोनीबी न्या, आमचं काई म्हनणं नाई."

आठ दिवस. एवढंच मागितलं होतं त्यांनी.

मी दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत मी स्वतःला पटवायला काय काय बोललो, ते आठवलं की आजही गंमत वाटते. लाकूड उन्हात तडकेल. जंगलचा शिपाई येऊन छाप मारेल. दुसराच कुणी कुऱ्हाड घालेल. आणि नियम तर होताच, शेंडा पाण्यात होता. तिसऱ्या दिवशी पहाट फुटताच मी बुंधा तोडला.

माय पाळीवर आली. माझ्या हातात वाकस होती, लाकूड तासायची. ती म्हणाली, "कोशाच्या दिवसात ह्याच झाडाखालून अनवाणी जात होतास, अना आता त्याच्या पोटात हत्यार घालून राह्यलास?"

"तवा अळ्या होत्या, माय. आता नाईत."

"अळ्या नाईत. लाज बी नाई."

ती गेली. मी तासत राहिलो. वाकशीचा आवाज पाण्यावरून जाऊन टोल्याच्या भिंतींवर आपटून परत येत होता, टक्, आणि मग जरा उशिरा दुसरा टक्. टोल्यातून कुणी आलं नाही. मी आत निखारे भरून पोट जाळलं, परत तासलं. धुराला हिरड्याचा वास होता. मागच्या टोकाजवळ वाकस घसरली आणि आतल्या अंगाला अंगठ्याएवढी तिरपी खाच पडली. ती खाच सोडली तर असा डोंगा त्या तलावावर कधी उतरला नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

भूमक परत आला तेव्हा मी शेवटचा हात फिरवत होतो. उंच, वाळका माणूस, खांद्यावर लग्नाचं नवं धोतर. त्याने आरडाओरडा केला नाही. ते धोतर त्याने जमिनीवर पसरलं आणि पडलेल्या ढलप्या एक-एक करून त्यात गोळा करू लागला. सगळ्या. पाण्याच्या कडेच्यासुद्धा. मग गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाण्यात पडलं ते ढिवराचं," मी आधीच बोललो. "शेंडा पाण्यात होता, भूमकदादा."

"अना मूळ?"

मी परत वाकस उचलली.

दुसऱ्या दिवशी जंगलाकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर बोरीच्या काट्या पडल्या. आमच्या बायांना सरपण बंद, पत्रावळीची पानं बंद. आम्ही मग टोल्याच्या माणसांना तलाव पार करून देणं बंद केलं, आणि मासोळी देणंही. टोल्याच्या म्हाताऱ्या बाया डोक्यावर ओझं घेऊन पाळीला वळसा घालत, दीड कोस. कुणीतरी आमची तीन जाळी कापली. शिरपतने बाजाराच्या वाटेवर एकाचा हात वल्ह्याने मोडला. आठवड्याने शिरपतचं डोकं फुटलं. ज्या माणसाने ते फोडलं, त्याचाच तो बोकड होता.

त्या वर्षी ज्येष्ठात पाळीचं काम झालं नाही. येन उपटला तिथे माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. आम्ही म्हणालो, झाड तुमचं, खड्डा तुमचा. ते म्हणाले, डोंगा तुमचा, खड्डा तुमचा. एक साहेब येऊन पाहून गेला. म्हणाला, तलाव सरकारचा. आणि जीपमध्ये बसला.

तो पावसाळा मला आवाजांनी आठवतो, म्हणजे नसलेल्या आवाजांनी. पलीकडून "ओ ढिवरभाऊ, डोंगा आना!" अशी हाक येत नव्हती. आमच्या घरासमोरून कंदमुळं घेऊन जाणारी बाई "मासोळी हाये का वो बाई?" विचारत नव्हती. टोल्यात ढोल वाजायचा तेव्हा आमच्याकडे दारं लागायची. मी मात्र रोज डोंगा पाण्यात घालायचो, एकटा, पूर्ण टोपली माझी. माय त्या डोंग्यात एकदाही बसली नाही. आणि खरं सांगायचं तर टोपली भरतही नव्हती. टोलीतले लोक कुजबुजायचे, हा देवाले वल्हवून राह्यला हाये. मी त्यांच्याशीही भांडलो.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं. तलाव काठोकाठ, पाळीशी बोलत होता. मी डोंगा घेऊन तुडुमाजवळून जात होतो. मुळाच्या खड्ड्यासमोर पाणी गोल फिरताना दिसलं. वरून वाळकं पान आलं, दोन फेऱ्या मारून आत गेलं आणि परत वर आलं नाही.

मी उठून उभा राहिलो आणि पाळीपलीकडे पाहिलं. टोल्याच्या बाजूने पाण्याची एक धार निघाली होती, मनगटाएवढी, तांबडी. धार तांबडी असेल तर ती माती घेऊन चालली आहे, हे ढिवराला कुणी शिकवावं लागत नाही. खाली बांध्यांत धान गर्भाला आलेलं, आणि त्याखाली टोला. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता. कुणाला काही माहीत नव्हतं.

चार महिने मी टोल्याकडे तोंड करून एक शब्द बोललो नव्हतो. त्या सकाळी मी ओरडलो. "येर! येर!" त्यांच्या बोलीत, पाणी, पाणी. घसा फाटेपर्यंत.

टोपल्या घेऊन माणसं धावली, खालून आणि आमच्याकडून. माती टाकली की वाहून जायची. धानाच्या तणसाचे भारे टाकले, ते गिळले. धार मांडीएवढी झाली. मंगरू भूमक कमरेएवढ्या पाण्यात खड्ड्याच्या तोंडाशी उभा होता, दोन माणसांनी त्याला धरलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डोंग्याकडे.

"डोंगा दे."

मला कळलं त्याला काय हवं आहे. आणि लाज वाटते, पण त्याही वेळी माझ्यातला बाजार जागा झाला. "देतो," मी म्हणालो. "पन पह्यले सांग. काट्या काढसान का? वाट मोकळी करसान का?"

"मी सांगीन," तो म्हणाला. "पन पाणी माहं सांगणं आयकत उभं राहीन का गा?"

पाळीवरून मायचा आवाज आला. "अरे दे ना, मेल्या! डोंगा काय, तू बी जा त्याच्यात!"

मी वल्हं फेकून पाण्यात उतरलो. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं डोंग्याला भिडली. आम्ही तो आडवा केला, त्यात माती भरली. भूमकाची बाई घरी धावत गेली आणि ती धोतराची गाठोडी घेऊन आली. भूमकाने ढलप्या डोंग्यात ओतल्या, मातीवर. मग आम्ही कड दाबली. डोंगा पाण्याने भरला, जड झाला, आणि ओढीने आपण होऊन त्या खड्ड्यात शिरला. मी खोटं बोलत नाही, तो तिथे असा बसला, जसा मापाने तासला असावा. त्यावर माती, तणस, फांद्या, परत माती. शिरपत, डोक्यावर खोकेचा वण असलेला, आणि ज्याने ते डोकं फोडलं तो, एकाच टोपलीचे दोन कान धरून माती आणत होते.

दुपारपर्यंत धार बोटाएवढी झाली. मग नितळ झाली. मग थांबली.

सगळे जिथे होते तिथे बसले. चिखलाने माखलेले, ढिवर कोण आणि गोंड कोण कळत नव्हतं. कुणीतरी हसायला लागलं, कारण नसताना, आणि ते सगळ्यांना लागलं. टोल्यातून आंबिलीचं मडकं आलं. टोलीतून मासोळ्या आल्या, भाजायला वेळ नव्हता म्हणून नुसत्या वाफवलेल्या. आंबट आंबिलीचा तो घोट मी कधी विसरलो नाही. भूमकाने मातीतून डोकावणाऱ्या डोंग्याच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाला, "आला जागेवर." सगळ्यांनी हात जोडले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काट्या निघाल्या होत्या. कुणी काढल्या, कुणी विचारलं नाही. आठवड्याने पलीकडून हाक आली, "ओ ढिवरभाऊ!" आणि टोलीतले चार डोंगे एकदम निघाले. माझ्याकडे न्यायला डोंगा नव्हता. मी काठावर बसून पाहिलं. राग होताच, पण खरं सांगतो, ती हाक ऐकून छातीवरून धोंडा उतरला.

पुढच्या वर्षी मी गाव सोडलं. सिंदेवाहीला मासोळीच्या बाजारात बसलो, हळूहळू माझे स्वतःचे डोंगे झाले, एक सोडून चार. पण गावात गोष्ट वेगळीच वाढत गेली. देव डोंगा होऊन तलावभर हिंडला, पाळ फुटायला लागली तेव्हा आपल्या पायाने जागेवर गेला. आपल्या पायाने! मी दोन लग्नांत ही गोष्ट ऐकली आणि दोन्ही लग्नांत भांडून जेवणावरून उठलो. त्यानंतर गेलो नाही. मंगरू भूमक गेला, तेव्हाही नाही.

आणि आता हा देवराव माझ्यासमोर उभा होता. आजोबासारखाच वाळका.

"हे यंत्र काऊन उभं हाये?" मी विचारलं.

"तीन दिवसापासून उभं हाये. ठेकेदार म्हने, ओढून फेकतो. टोला समोर बसला."

"कायले? देव तुमचा. न्यायचा, पुजायचा."

"आमचा आजा सांगून गेला होता," देवराव म्हणाला. "पाळ कवाबी उकरली त डोंगा लागन. ढिवराले इचारल्याबिगर त्याले हात लावजा नोका. तो येतपर्यंत थांबजा. कितीबी दिवस."

"नाव सांगतलं होतं? माहं?"

"तुमचं नाव, तुमच्या मायचं नाव, टोलीतलं कोनतं घर, समदं. म्हने, देव आपल्या पायानं गेला असं लोक म्हनतीन. म्हनू द्या. पाय कोनाचे होते ते आपल्या घरात ठाऊक असलं पायजे."

मी वाकलो आणि काळ्या कडेच्या आतल्या अंगाने हात सरकवत नेला. मागच्या टोकाजवळ खाच सापडली. तिरपी. अंगठा तिच्यात बरोबर बसला. हे लोक माझ्यासाठी तीन दिवस बसून राहिले होते, आणि पहिले दोन दिवस मी फोन आपटण्यात घालवले होते. त्यांनी माझ्याकडे आठ दिवस मागितले होते, तेव्हा मी दोन काढले होते.

"काय करायचं, आबाजी? घिऊन जाता?"

"ठेवा तिथीच."

टोल्याची माणसं हलली. ठेकेदाराचा माणूस यंत्राकडे वळला.

"पन एक अट हाये," मी म्हणालो. सगळ्यांचे चेहरे पडले. माझी कीर्ती इथवर पोचली असावी. "पह्यली माती मी टाकीन."

"तेवढंच?"

"अना जेवण. येवढ्या दूर फुकट बलावता का?"

हसण्यात देवराव आजोबासारखा नव्हता, तो मोठ्याने हसला. मी दोन्ही हातांनी चिखल उचलला, खाच जिथे होती तिथे दाबला आणि वर थोपटला, ज्येष्ठात थोपटत असत तसा.

त्याच्या अंगणात आंबील आणि मासोळी मांडली होती. सारवलेल्या जमिनीवर मोहफुलं वाळत होती, एकालाही खडा नाही. देवरावची बायको हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आली. मी हात नाकाशी नेले. हिरड्याचा तो तुरट वास अजून ओला होता.

"थांब जराशी, पोरी," मी म्हणालो.

ती तांब्या धरून थांबली.